पुलाची तारीख

त्या हिवाळ्यातल्या सकाळी मला अजूनही अर्धवट झोपेतल्यासारख्या आठवतात. कंपनीची जीप भिंगारला आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न द्यायची. आईनं दिलेला डबा मांडीवर घेऊन मी मागच्या सीटवर बसायचे आणि नगर मागं पडेपर्यंत काच धूसरच असायची. घोडेगाव सोडलं की ऊस लागायचा. उसाला तुरे आलेले असायचे आणि धुक्यात ते तुरे तेवढे वर तरंगताना दिसायचे, खाली ऊस नसल्यासारखे. कारखान्याचा हंगाम चालू असल्यामुळं हवेत मळीचा आंबूस-गोड वास भरलेला असायचा. शनिवार असला तर शिंगणापूरला गाड्यांची रांग, तेलाच्या बाटल्या घेऊन काचेशी येणारी माणसं. मग सोनई. सोनईच्या पुढं कच्चा रस्ता थेट नदीपर्यंत. तिथं आमचा पूल चालला होता.

‘आमचा’ म्हणते, पण पूल बांधणाऱ्यांत मी नव्हते. मी इंजिनीअर असले तरी माझं काम कागदावरचं आणि कॉम्प्युटरवरचं. काम ठरल्या वेळात चाललंय का, खर्च अंदाजात बसतोय का, हे बघायचं आणि वर कळवायचं. कंपनी नगरचीच. मालकांनी तरुणपणी स्वतः ट्रॅक्टर चालवत मुरूम वाहिलेला. आता जिल्ह्यात रस्ते, बंधारे, शाळाखोल्या अशी बरीच कामं एका वेळी चालायची. मला नोकरीवर घेतलं त्या दिवशी त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, “पोरी, मला दर महिन्याला सगळ्या कामांचे रिपोर्ट येतात. सगळे रिपोर्ट चांगले असतात. आणि सगळी कामं उशिरा होतात. हे कसं काय होतं, तेवढं मला शोधून दे.”

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. रिपोर्टमध्ये काम किती झालं ते खर्चावरून लिहायचे. अंदाजातले अर्धे पैसे खर्च झाले म्हणजे अर्धं काम झालं. वर्षानुवर्षं तीच रीत. त्या रीतीनं नदीवरचा पूल आमचं सगळ्यात गुणी लेकरू होता. डिसेंबरच्या सुरुवातीला आलेल्या रिपोर्टात लिहिलं होतं की तीन हिस्से काम झालं, एक हिस्सा उरला, जूनमध्ये पूल खुला होणार.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो तीन हिस्से झालेला पूल मला नीट बघायचा होता. काठावरून बघितला तर समोर धुकं. कुणीतरी म्हणालं, मधून बघायचा असेल तर मावशींच्या काहिलीत बसा.

गुऱ्हाळात उसाचा रस आटवायला जी प्रचंड लोखंडी कढई असते, ती काहील. खालच्या बाजूला बंधारा असल्यामुळं हिवाळाभर नदीत पाणी तुंबलेलं असायचं, आणि पलीकडच्या वस्तीवरची माणसं त्या काहिलीत बसून अलीकडं यायची. वळसा घालून यायचं तर फार लांब पडायचं आणि त्या बाजूला एस.टी. यायची नाही. काहील वल्हवायच्या त्या मावशी चाळिशीच्या असतील. साडीवर पुरुषी फुल शर्ट, डोक्याला घट्ट फडकं. घर त्या काठावर, थोडी जमीन ह्या काठावर. लग्न होऊन आल्यापासून त्या हेच करत होत्या, आधी सासऱ्याबरोबर, मग एकट्या.

काहील गोल असल्यामुळं सरळ जात नाही, स्वतःभोवती फिरत फिरत जाते. मी कड धरून बसले होते. ह्या काठावरची बाभूळ समोरून सरकत गेली, मग नुसतं धुकं, मग त्या काठावरचं पत्र्याचं छप्पर, मग परत बाभूळ. आपण जातोय का येतोय तेही कळेना. वल्ह्याचा आवाज सोडला तर कसलाच आवाज नव्हता. आणि मग धुक्यातून एकेक खांब वर येऊ लागला. पाण्यात कंबरभर उतरून कुणाची तरी वाट बघत उभ्या असलेल्या माणसांसारखे ते दिसत होते. इतकं सुंदर दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पण खांबांवर काहीच नव्हतं. दोनतीन खांबांना माथ्यावरच्या काँक्रीटच्या टोप्या बसल्या होत्या, बाकीचे मोकळे. त्यांच्यावर ठेवायच्या लांब तुळयांपैकी थोड्या काठावर ओतून ठेवलेल्या आणि ताडपत्रीखाली सळईचा डोंगर. रिपोर्टातले तीन हिस्से म्हणजे बराचसा हाच डोंगर होता.

“तुमी पुलावाल्याच ना?” मावशींनी विचारलं.

“हो.”

“मग जूनला व्हतोय ना पूल?”

मी काठावरच्या ताडपत्रीकडं बघत राहिले. त्यांनी वल्हं पाण्यात तसंच धरलं आणि सांगू लागल्या. “माझी बारकी सातवीला हाय. आमच्या वस्तीवर शाळा सातवीपतूरच. आठवीला हिकडं सोनईला यावं लागतं. पन पावसाळ्यात ह्या काहिलीत पोरीला घालायची न्हाई मी. मोठीला न्हाई घातली. तिची शाळा तितंच सुटली, लगीन झालं. बारकीला मी सांगितलंय, तू पुलावरनं जाशील. साहेबांनी तसा सबुद दिलाय.”

साहेब म्हणजे आमचे साईट इनचार्ज. पन्नाशी ओलांडलेले, शिडशिडीत, गळ्यात कायम टॉवेल. पाथर्डीकडचे. घर तिकडं, पण राहायचे साईटवरच, ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीमागं. खोलीसमोर त्यांनी झेंडू लावला होता आणि खांबांवर मारून उरलेलं पाणी त्याला घालायचे. आवाज कधी चढायचा नाही. प्रत्येक खांबाला त्यांनी मनातल्या मनात काहीतरी नाव दिलं असावं, असं त्यांच्या बघण्यावरून वाटायचं. ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. म्हणूनच मला काय बोलावं ते कळेना.

नवी पद्धत कशी असायला हवी हे मला पुस्तकातून माहीत होतं. कामाचे बारीक तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याची अंदाजातली किंमत ठरवायची. तुकडा पुरा झाला की ती किंमत जमा धरायची, अर्धवट असेल तर काहीच धरायची नाही. मग कागदावर तीन रेघा काढायच्या. आजपर्यंत किती काम व्हायला हवं होतं ती एक, खरोखर किती झालं ती दुसरी, आणि त्यासाठी किती खर्च झाला ती तिसरी. तिन्ही रेघा जवळजवळ चालल्या तर ठीक. फाकायला लागल्या तर कुठं फाकल्या ते शोधायचं. एवढंच. पण हे साईटवरच्या फोरमनला, मिस्त्रीला सांगायला गेले की त्यांच्या डोळ्यांवर पडदा ओढल्यासारखं व्हायचं. “सळई बांधून झालीय मॅडम, म्हंजी झालंच की,” म्हणायचे. माझ्याकडं नियम होता, वाक्य नव्हतं.

वाक्य आईनं दिलं. नाताळ जवळ आला होता आणि आमच्या घरी करंज्या चालल्या होत्या. आई कॅन्टोन्मेंटच्या दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. नाताळला शेजारीपाजारी सगळीकडं ताटं जातात, त्यामुळं करंज्या बेसुमार. मी लाटत होते, आई तळत होती. चर्चमध्ये गाण्यांच्या तालमीला जायचं होतं म्हणून मी घाईत होते.

“झाल्या की आता. सगळ्या लाटून झाल्या, भरून झाल्या,” मी म्हणाले.

आई कढईतून मान वर न करता म्हणाली, “तळल्या तेवढ्याच झाल्या. भरलेल्या मोजू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मी साईटवर गेले ते डबाभर करंज्या घेऊन. सगळ्यांना वाटल्या आणि आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मिस्त्री हसला. मग म्हणाला, “म्हंजी काँक्रीट पडून, साचा निघून, पानी मारून झालं, की करंजी तळली.” तेव्हापासून त्या साईटवर कुणी ‘काम पूर्ण’ म्हणालं नाही. ‘तळली का?’ असंच विचारायचे. नगरच्या ऑफिसात रोज संध्याकाळी फोटो यायचे, खाली लिहिलेलं: दोन नंबरची टोपी तळली. ते वाचून अकाउंटवाले गोंधळायचे, ह्या नव्या मुलीनं हे काय काढलंय म्हणून.

पण रेघा काढल्यावर जे दिसलं त्यात हसण्यासारखं नव्हतं. झालेल्या कामाची रेघ खर्चाच्या रेघेपासून सुटून लांब खाली गेली होती. पूल तीन हिस्से झालेला नव्हता, जेमतेम निम्मा झाला होता.

तो कागद घेऊन मी साहेबांसमोर बसले ती दुपार होती. पत्रा तापून कडकड वाजत होता. बाहेर कुणीतरी रेडिओ लावला होता, त्याचा आवाज नदीवरून येत असल्यासारखा लांबचा वाटत होता. त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ बघितला.

“म्हणजे मी आजपर्यंत खोटं लिहिलं?”

“नाही सर. खर्च खराच आहे. पण सळई स्वस्त मिळाली म्हणून आपण आधीच घेऊन ठेवली, ती अजून पुलात गेलेली नाही. आणि वरच्या धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं तेव्हा खांबांच्या कामासाठी घातलेला मातीचा बांध दोनदा वाहून गेला. तो पुन्हा घालावा लागला. तोही खर्च खराच. पण त्यानं पूल वाढला नाही.”

“ते दोन बांध घालताना मी रात्रंदिवस पाण्यात उभा होतो, मॅडम.”

“माहीत आहे.”

“मग ते कुठं दिसतं ह्या रेघेत?”

मी रेघ पुन्हा एकदा बघितली. खरंच ते त्या रेघेत कुठंच दिसत नव्हतं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि बाहेर जाऊन नदीकडं तोंड करून उभे राहिले. मी परतायच्या वेळेपर्यंत ते आत आले नाहीत.

परतीच्या वाटेवर मला जीपमध्ये डुलकी लागली. स्वप्नात त्या तीन रेघा पाण्यावर पसरलेल्या होत्या आणि साहेब मधल्या रेघेवरून सावकाश चालत होते, टॉवेल खांद्यावर टाकून. रेघ त्यांच्या वजनानं थोडी वाकत होती. मी हाक मारत होते, पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत जात नव्हता. जाग आली तेव्हा जीप घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या ट्रकमागं उभी होती आणि उन्हात सगळीकडं कांद्याची सालं उडत होती.

पुढचे काही दिवस साहेब माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. निरोप फोरमनकरवी यायचे. मग एका सकाळी त्यांचाच फोन आला.

“मॅडम, तुमच्या रेघेत मी माझा बांध घातलाय.”

“म्हणजे?”

“तुम्ही एक वेगळा रकाना करा. जे काम पुन्हा करावं लागलं त्याचा. कुणी विचारलं की इतका वेळ कुठं गेला, तर ते दिसलं पाहिजे. माझ्यासाठी नाही. पुढच्या पुलाला नदीतलं काम कोणत्या महिन्यात करायचं नाही, तेवढं तरी कळेल.”

तो रकाना मी त्याच दिवशी केला. आजही आमच्या सगळ्या कामांच्या तक्त्यात तो आहे, आणि मला विचाराल तर पूर्ण पद्धतीत सगळ्यात कामाचा तोच.

मग आम्ही दोघं मिळून बसलो आणि काम नेमकं कुठं अडतंय ते बघू लागलो. ते तक्त्यात आधीच होतं, फक्त कुणी त्या नजरेनं बघितलं नव्हतं. खांब अडत नव्हते, माणसं कमी नव्हती. तुळया ओतायचा साचा एकच होता. एक तुळई ओतायची, ती कडक होऊन उचलता येईपर्यंत थांबायचं, मग दुसरी. ह्या चालीनं पूल दिवाळीच्याही पुढं गेला असता. दुसरा साचा आणला तर पाऊस जोर धरायच्या आत तुळया खांबांवर जाणार होत्या, आणि वरचं काम उघडीप बघून करता येणार होतं.

मालकांना सांगायला आम्ही नगरला एकत्रच गेलो. मला वाटलं होतं, ते चिडतील. त्यांनी तक्ता उलटासुलटा करून बघितला, तीन रेघांवरून बोट फिरवलं.

“हे आत्ता जानेवारीत कळलं,” ते म्हणाले. “मेमध्ये कळलं असतं तर साचा आणून मी काय त्यात झोपलो असतो?” तिथंच त्यांनी फोन फिरवला आणि साच्याची ऑर्डर दिली. मग फोन खाली ठेवून म्हणाले, “बांधकाम खात्याला पत्र मी लिहितो. उशीर होणार, का होणार, कधी होणार. पण नदीपलीकडं कोण सांगणार?”

“मी सांगतो,” साहेब म्हणाले. “शब्द मी दिला होता.”

मला त्यांनी बरोबर यायला सांगितलं नव्हतं, पण मी गेले. सकाळचीच वेळ होती. पाण्यावर धुक्याचा एक पातळ थर उरला होता आणि त्यात पाणकोंबड्या दिसत होत्या, नव्हत्या. काहील मध्यावर आल्यावर साहेबांनी घसा खाकरला आणि सरळ सांगून टाकलं. “मावशी, जूनला पूल होत नाही.”

वल्हं थांबलं. काहील आपली आपण सावकाश फिरत राहिली. खांब आमच्याभोवती एकेक करून येत होते आणि जात होते.

“मंग कवा?”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “गणपतीच्या पुढं आणि दसऱ्याच्या आत. आज तरी असं दिसतंय. दर महिन्याला नवीन हिशेब निघेल, तो मी येऊन तुम्हाला सांगेन.”

“दर म्हैन्याला पुडं ढकलनार व्हय?”

“पुढं जाईल नाहीतर मागं येईल. असेल ते सांगेन.”

त्या पुन्हा वल्हवू लागल्या. काहील काठाला लागली तेव्हा त्यांनी वल्हं आत टाकलं आणि साहेबांना म्हणाल्या, “तुमी सांगितलं म्हनून मी पोरीला सांगितलं. आता तिला तुमीच सांगा. मी न्हाई सांगनार.”

घर काठापासून जवळच होतं. पोरगी ओट्यावर बसून शाळेच्या बुटाला पांढरा रंग देत होती. दोन वेण्या वर बांधलेल्या, गुडघ्याला खरचटलेलं. साहेब तिच्यासमोर खाली बसले, अगदी उकिडवे, आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं तिच्याशी बोलले. नदीला पाणी आलं, बांध वाहून गेला, साचा एकच होता, सगळं. ती ऐकत राहिली. बुटावरचा ब्रश तिनं थांबवला नाही. शेवटी एवढंच विचारलं, “मग तोपर्यंत मी कुठं राहू?”

रडेल, रुसेल असं काहीतरी माझ्या मनात होतं. हा प्रश्न नव्हता. साहेबांच्याही नसावा. तिच्या बुटांकडं बघत ते म्हणाले, “त्याचा विचार करायला आपल्याकडं उन्हाळाभर वेळ आहे. आणि तो आपण करू.”

मावशींनी त्यानंतर बरेच दिवस आम्हाला काहिलीत घेतलं नाही. बाकी सगळ्यांना न्यायच्या, आम्ही दिसलो की वल्हं खांद्यावर टाकून शेताकडं चालू लागायच्या. दर महिन्याला मी काठावर जाऊन उभी राहायचे आणि त्यांनी ऐकलं न ऐकलं तरी तारीख सांगायचे. एकदा साचा यायला उशीर झाला म्हणून ती थोडी पुढं गेली. मार्चमध्ये काम झपाट्यानं झालं म्हणून मागं आली. त्या दिवशी पाठ फिरवून चालता चालता त्या थांबल्या. “मागं आली?” म्हणाल्या. मग पदरातली बोरं माझ्या ओंजळीत टाकली आणि निघून गेल्या. ती बोरं मी परतीच्या वाटेवर खिडकीतून बिया टाकत खाल्ली. शिशिरातली पानगळ संपत आली होती, कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटत होती, आणि का कोण जाणे, सबंध रस्ता उतारावरचा असल्यासारखा जीप आपसूक चालल्याचा भास होत होता.

मावशींची सख्खी बहीण सोनईत दिली होती, हे मला फार उशिरा कळलं. शाळेपासून हाकेच्या अंतरावर घर. पण दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मोठ्या मुलीच्या लग्नात मानपानावरून काहीतरी झालं होतं. साडी नेसवायची राहिली की काय, त्यावरून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद. एप्रिलमध्ये कधीतरी मावशी एकट्याच सोनईला गेल्या, बहिणीच्या दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. आत गेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या. तेव्हा बहिणीनं पाणी दिलं, पण बोलली नाही. तिसऱ्या खेपेला पोरीला घेऊन गेल्या. बहिणीनं पोरीला जवळ घेतलं आणि मग दोघी इतक्या रडल्या म्हणे, की पोरगी कंटाळून बाहेर जाऊन बसली.

हे सगळं मावशींनीच मला सांगितलं. मेच्या शेवटाला, काहिलीत बसून. पाणी खूप खाली गेलं होतं आणि काहील मधूनमधून तळाला घासत होती. वर मात्र खांबा-खांबांवर तुळया गेल्या होत्या आणि त्यांची सावली पाण्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पडली होती. आम्ही त्या पट्ट्यांतून जात होतो, ऊन, सावली, ऊन, सावली.

“पोरगी जूनला तिच्या मावशीकडं राहील,” त्या म्हणाल्या. “बहिनीनंच म्हनलं, माझ्या घरात पोरगी न्हाई, ऱ्हाऊ दे.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “बाई, भांडान मिटायला येळ लागतो. ऐन जूनमदी कळलं असतं ना, पूल न्हाई म्हनून, तर मी तिच्या दारात गेले नसते. माझं डोकं तापलं असतं. पोरीला घरी बसवलं असतं आन तुमच्या नावानं बोटं मोडली असती.”

मी तक्ते तयार करते ते मालकांसाठी, खात्यासाठी, बँकेसाठी. उशीर आधी कळला तर दंड वाचतो, जादा यंत्रं वेळेत मिळतात, एवढंच त्याचं फळ मला शिकवलेलं. एका बहिणीला दुसरीच्या दारात तीन खेपा घालायला पुरेल एवढा वेळ त्यातून निघू शकतो, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मी पाण्यात हात सोडून बसले. पाणी कोमट होतं.

जूनमध्ये बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या आणि नदी वाहती झाली. काहील काठावर पालथी पडली. पलीकडं जाणं बंद झालं तसं माझं आणि मावशींचंही बोलणं फोनवर आलं. साईटवर उघडीप मिळेल तसं वरचं काँक्रीट चाललं होतं. साहेब सकाळी उठून आधी आभाळाकडं, मग तक्त्याकडं बघायचे आणि कधीकधी मला फोन करून नुसतंच सांगायचे, “आज काहीच तळणार नाही.” त्यात निराशा नसायची. पूर्वी हेच वाक्य बोलायला त्यांना फार जड गेलं असतं, हे मला माहीत होतं, आणि बहुधा त्यांनाही.

ऑगस्टमध्ये एकदा तारीख आठवडाभर पुढं गेली. मी मावशींना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं.” आणि पाऊस कसा आहे, नगरला आहे का, हे विचारलं.

पूल गणपती उठल्यानंतर आणि घट बसायच्या आधी झाला. मंडप, फेटे, नारळ हे सगळं नंतर, पुढाऱ्यांच्या सवडीनं. पण वाहतूक त्याआधीच सोडली होती. ज्या दिवशी सोडली त्या दिवशी मी तिथं नव्हते. नगरच्या ऑफिसात दुसऱ्याच कामाच्या रेघा काढत बसले होते. एका शाळेची इमारत होती, तिथंही खर्चाची रेघ वर आणि कामाची खाली. शनिवार होता. दुपार टळायला आली होती, खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर आलं होतं, आणि साहेबांचा फोन आला.

“मॅडम, पोरगी घरी गेली.”

“कुठली पोरगी?” मी कामाच्या तंद्रीत होते.

“मावशीची. शाळा सुटल्यावर सोनईहून निघाली. पाठीला दप्तर, हातात पिशवी. मी पुलाच्या ह्या टोकाला उभा होतो. म्हटलं, सोडू का पलीकडं? तर म्हणाली, नको, मी जाते.” ते थांबले. मागं वारा आणि कुठलं तरी मोकळं वाहन जात असल्याचा खडखडाट ऐकू आला. “मधे थोडा वेळ कठड्याला टेकून उभी राहिली. खाली बघत होती. मग गेली.”

 एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

ह्याला आता बरेच दिवस झाले. त्या पोरीचं पुढचं मला अधूनमधून कळतं. नववीत आहे, पावसाळ्यात सोनईत तिच्या मावशीकडं आणि एरवी घरून, अशी तिनं स्वतःच सोय लावून घेतली आहे. पूल झाला तरी ती सोनईतला मुक्काम सोडायला तयार नाही, आणि दोन्ही बहिणींची त्यावरून लटकी तणातणी चालते. आमच्या कंपनीत सगळ्या कामांना आता तीन रेघांची पद्धत लागली आहे. सगळी कामं वेळेत होतात असं मी म्हणणार नाही. रिपोर्ट पूर्वीइतके चांगले नसतात. मालक मात्र ते आता शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

साहेब सध्या शेवगावच्या बाजूला एका कामावर आहेत, कोरड्या ओढ्यावरचा लहानसा पूल. दर सोमवारी सकाळी, मी ऑफिसात येऊन पंखा लावते न लावते तोच त्यांचा फोन येतो. मी विचारायच्या आत तेच सांगतात.

“मॅडम, ह्या आठवड्यात आम्ही मागं आहोत.”

“का बरं?”

“खडी येईना. खदान बंद आहे. दुसरीकडून बघतोय. तुम्ही तारीख पुढं टाका, गावात मी कालच सांगितलंय.”

“काय म्हणाले गावात?”

“काय म्हणणार? एक म्हातारा म्हणाला, बरं झालं, तवर मी ज्वारी काढून घेतो.” ते हसतात. पलीकडं वारा असतो, खूप मोकळ्या जागेतला, आणि त्या वाऱ्यात त्यांचा आवाज येतो-जातो. “आईंची तब्येत कशी आहे?” ते विचारतात. मी ‘बरी आहे’ म्हणते, आणि खडीचा रकाना उघडते.